"मला चढतच नाही, मॅडम"

"सगळेच पितात. मग काळजी माझीच का?" कॉलेजमधली मुलं हे मला सारखं विचारतात. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आईने फारच आग्रह धरल्यामुळे माझ्याकडे समुपदेशनाला आला, त्यानेही हेच विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बराच वेळ तो पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत बसला. मग जरा अभिमानानेच म्हणाला, "मित्र दोन ग्लासांत आडवे होतात. मला पाच-सहा घेऊनही चढत नाही. त्यांना घरी सोडायला मीच जातो."

हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. न चढणं म्हणजे ताकद, असं पोरं समजतात. खरं तर गरगरणं, झोप येणं, तोल जाणं हा शरीराचा 'आता पुरे' असा इशारा असतो. तो ज्याला उशिरा मिळतो, तो जास्त पीत राहतो. यकृताला मात्र सगळीच दारू निस्तरावी लागते. असं कमी चढणं अनेकदा रक्तातूनच आलेलं असतं.

म्हणून विचारलं, "घरात कोणी?"

लेबल सोलणं थांबलं. "बाबा. आता सोडलीय. पण आम्ही त्यावर बोलत नाही."

व्यसनाच्या धोक्यात जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, हे मी त्याला सांगितलं. उरलेलं काय, ते शोधायला कागद पुढे सरकवला: मागच्या पार्टीत कोण किती प्यालं, लिही. अकरा नावं झाली. तिघं अजिबात प्यायले नव्हते, पाच जण एका ग्लासावर थांबले होते. तो कागदाकडे बघतच राहिला. या वयात बहुतेकांना दुसऱ्यांचं पिणं असतं त्याहून जास्त वाटतं, आणि त्या चुकीच्या अंदाजाशी बरोबरी करायला जातात.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. परीक्षेच्या आदल्या रात्री तो खोलीत एकटाच प्यायचा, छातीतली धडधड थांबावी म्हणून. मजेखातर पिणाऱ्यापेक्षा ताण बुडवायला पिणारा लवकर अडकतो.

"मित्रांना शेवटचं सोडलंस ती रात्र आठवते?"

"नाही."

"गाडी कोणी चालवली?"

"मीच, म्हणतात."

खूप प्यायल्यावर असं होतं: माणूस चालतो, बोलतो, गाडीही चालवतो, पण मेंदू नवी आठवण साठवतच नाही. तो शुद्धीत दिसतो, म्हणून कुणी अडवत नाही. हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' या 10 प्रश्नांच्या चाचणीत 8 किंवा जास्त गुण म्हणजे धोक्याचं पिणं. त्याचे 17 आले. आम्ही मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. किती प्यालो याबरोबर कशासाठी प्यालो, हेही तो वहीत लिहू लागला.

चौथ्या भेटीत वही बाजूला ठेवून म्हणाला, "धाकटा भाऊ चौदाचा आहे. मित्र त्याला बोलवायला लागलेत. त्याला बाबांचं सांगू का?"

"सांग. पंधराच्या आत सुरुवात झाली तर पुढे व्यसनाचा धोका खूप वाढतो. आणि तुझंही सांग."

"आईला आधी विचारतो," म्हणाला, आणि तिथेच बसून तिला फोन लावला.