सोनेतारण पेढी: शॉप अॅक्ट पुरत नाही

प्रश्न: मुलगा यंदा बी.कॉम. झाला. बार्शीत आमचा स्वतःचा गाळा आहे, दहा लाखांचं भांडवल उभं राहील. सोनं तारण घेऊन कर्ज द्यायची पेढी काढतो म्हणतो. मित्र सांगतो, शॉप अॅक्टचा दाखला असला की झालं. त्याला धंद्यात घालावं की नोकरीला लावावं?

उत्तर: मित्राचं ऐकू नका. स्वतःच्या पैशातून व्याजानं कर्ज देणं ही सावकारी झाली आणि तिला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जातो. ते चौकशी करून अहवाल वर पाठवतात.

पण परवान्याआधी कागद-पेन्सिल घ्या. व्याजदर सरकारनं बांधून दिलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. बाजारात सर्रास चालणारं महिन्याला ‘शेकडा दोन’ म्हणजे वर्षाला २४ टक्के, म्हणजे थेट गुन्हा. तुमचे दहा लाख एक दिवसही रिकामे न राहता १५ टक्क्यांनी फिरले तरी महिन्याला हाती साडेबारा हजार. गिऱ्हाइकं बहुतेक शेतकरी असतील तर साडेसात. त्यातून तिजोरी, विमा, दिवाबत्ती. चक्रवाढ चालत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. भांडवल वाढवायला ओळखीपाळखीच्यांच्या ठेवी घ्यायचा विचार असेल, तर २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानं ती वाटही बंद आहे.

माणसं अडकतात ती मात्र दप्तरात. कर्ज दिलं त्या दिवशी परवाना चालू नसेल तर न्यायालय वसुलीचा दावाच फेटाळतं, त्यामुळे नूतनीकरण विसरणं फार महागात पडतं. रक्कम न लिहिलेल्या वचनचिठ्ठीवर (कर्ज फेडण्याच्या लेखी हमीवर) सही घेणं हाही गुन्हाच. दागिन्याच्या पावतीवर खडे वजा करून निव्वळ वजन लिहिलं नाही, तर सोडवणुकीच्या दिवशी भांडण ठरलेलं. परवान्याला कार्यक्षेत्र असतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज सरकारनं फेडायचं ठरवलं, तेव्हा कार्यक्षेत्राबाहेर दिलेली कर्जं नेमकी यावरच अडली.

म्हणून माझं मत: आत्ता पेढी नको. दोन-तीन वर्षं सोनेतारण देणाऱ्या एखाद्या बिगरबँक वित्तीय कंपनीच्या शाखेत काढू द्या. कस लावणं (सोन्याची शुद्धता तपासणं), निव्वळ वजन, थकबाकीची नोटीस, लिलाव, सगळं तिथे हाताखालून जातं. या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात. राज्यांचे सावकारी कायदे त्यांना लागू नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये केरळ-गुजरातच्या प्रकरणांत ठरवलं. तशी कंपनी स्वतः काढायची तर किमान दहा कोटींचा स्वनिधी (स्वतःचं भांडवल) लागतो, तेव्हा तो विषय सोडा.

सोबत सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखा पदविका) परीक्षा देता येईल. पदवीधराला बसता येतं, सहा पेपर असतात आणि बी.कॉम.वाल्याला हिशेब, लेखापरीक्षण जड जात नाही. पतसंस्थांच्या नोकरीत तिला किंमत आहे. पुढे एमपीएससीतून सहायक निबंधक झाला, तर सावकारांची दप्तरं तपासायला तोच जाईल. मला विचाराल तर बी.कॉम.च्या मुलाला ही बाजू जास्त मानवते.

एवढं करूनही पेढीच हवी असेल, तर गाळ्याचं फर्निचर करण्याआधी सहायक निबंधकांच्या कार्यालयात अर्जाचा नमुना, लागणारी कागदपत्रं आणि कार्यक्षेत्रात कोणती गावं येतील, हे विचारून या. आसपासच्या वाड्या सुटत असतील तर निम्मं गिऱ्हाईक तिथेच गेलं.