आई एकटी राहते, तिला एकटीनेच राहायचंय

प्रश्न : ताई, माझी आई ७६ वर्षांची आहे, डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, बिल्डिंगला लिफ्ट नाही. बाबा रेल्वेत होते, त्यांची फॅमिली पेन्शन तिला मिळते. मी बंगळुरूला असते. गेल्या महिन्यात ती मोरीत घसरली, नशीब की मुका मारच लागला. मी म्हणते इकडे ये, ती म्हणते माझं घर सोडून मी कुठेही येणार नाही. भाऊ वृद्धाश्रम बघूया म्हणतोय. मला काहीच पटत नाहीये, रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक, बंगळुरू

उत्तर : अगं, आधी आईचं म्हणणं खरंच ऐक. ४० वर्षांचा शेजार, भाजीवाला, देवळातल्या मैत्रिणी हे सगळं सोडून तुझ्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्ही बघत बसायचं म्हणजे तिच्यासाठी काय असेल. वृद्धाश्रमाचा विचारही आत्ता नको, तिचं तिला सगळं होतंय, फक्त आजूबाजूला आधार उभा करायचाय.

सगळ्यात आधी दार. माझ्या सासूबाई अशाच एकट्या राहायच्या, शेजारच्या वहिनींकडे चावी दिलेली त्यामुळे आम्ही निर्धास्त, आणि एका पहाटे त्या बाथरूमपाशी पडल्या तेव्हा वहिनी चावी घेऊन धावल्या तर दाराला आतून कडी! सुतार मिळून दार उघडेपर्यंत तास गेला आणि तेवढा वेळ त्या आतून "मी बरी आहे गं" असं वहिनींनाच धीर देत होत्या. म्हणून सांगते, बाहेरून चावीने उघडेल असं लॅच लाव, चावी दोन घरी ठेव आणि आईला सांग की आतली कडी लावायची नाही. ती ऐकत नसेल तर सरळ काढूनच टाक.

मग मोरी. कमोडच्या बाजूला आणि नळापाशी भिंतीत ड्रिल करून स्टीलची दांडी बसव, नुसती चिकटवायची नको, ती ऐनवेळी सुटते. दाराबाहेरचं सरकणारं पायपुसणं फेक, रबरी आण, आणि पलंगापासून मोरीपर्यंत रात्री छोटा दिवा चालू राहू दे.

आता माणसं. ब्युरोची १२ तासांची बाई एकदम ठेवू नकोस, आईच्या हातातला झाराच काढून घेतल्यासारखं होतं. सकाळी दोन तास मावशी पुरे, केर-लादी, जड सामान, अंघोळीच्या वेळी घरात कोणीतरी असावं एवढंच, आणि मावशी कोण ते आईलाच ठरवू दे. रात्रीचा पोळीभाजीचा डबा लाव, सकाळचा स्वयंपाक तिचा तिला करू दे. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात तिचं नाव घाल. तिथल्या एखाद्या मैत्रिणीशी ठरवून टाका, रोज सकाळी ८ ला एकमेकींना मिस्ड कॉल, नाही आला तर जिच्याकडे चावी ठेवलीय त्या शेजारणीला फोन. याला एक रुपया लागत नाही पण माझा सगळ्यात जास्त विश्वास यावरच आहे.

बँकेसाठी जिने उतरायची गरज नाही. ७० च्या वरच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, ब्रँचमध्ये जाऊन विचार, थोडे पैसे घेतात. नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही पोस्टमन घरी येऊन आधारवरून करून देतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही फ्री हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, पेन्शन, कायदा, कोणी त्रास देत असेल तर, किंवा नुसतं मन मोकळं करायलाही फोन करता येतो. हा नंबर आणि अँब्युलन्सचा १०८ मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटव.

भावाला यातलं एक काम दे, दांड्या बसवायचं दे, म्हणजे तोही यात येईल. पण कडी आणि चावीचं या रविवारीच कर, बाकी एक महिना लागला तरी चालेल.