फी सोडा, सनदेनंतरची तीन वर्षं मोजा

प्रश्न : मी सांगलीत एका खासगी बँकेच्या कर्ज विभागात आहे. वय 28, अविवाहित, पगार हातात 38 हजार, त्यातले 15 हजार घरी देते. शिल्लक 3 लाख 20 हजार. टार्गेटला कंटाळले आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात तीन वर्षांचं एलएलबी करायचं म्हणते. फी वर्षाला पावणेतीन लाख, राहणं-खाणं महिना 12 हजार. वडील एसटीतून निवृत्त झालेत, वय 61. ते 14 लाखांची एफडी मोडायला तयार आहेत, नाहीतर शैक्षणिक कर्ज. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, वकिलांना दिवस चांगले येतील ना? नाहीच जमलं तर जेएमएफसी, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा आहेच.

उत्तर : वकील व्हायला माझी हरकत नाही. पुण्याला आहे, आणि एफडीला तर ठाम आहे.

पुण्याची फी सव्वाआठ लाख, राहण्याचे 4 लाख 32 हजार. म्हणजे साडेबारा लाख रोख. त्यात तीन वर्षांचा बुडालेला पगार 13 लाख 68 हजार मिळवा. सव्वासव्वीस लाख झाले, आणि अजून तुम्ही कोर्टाची पायरीही चढलेल्या नाहीत.

खरा खड्डा त्यापुढे आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. सिनिअरकडे ज्युनिअरशिप करताना हातात काय पडतं, ते सिनिअरच्या मनावर. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत असं सुचवलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात पाच-सात हजारांवर फायली वाहणारी मुलं मी पाहिली आहेत. साडेबारा लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेसोळा हजारांच्या आसपास, आणि शिकतानाचं व्याज थकवलं तर त्याहून जास्त. म्हणजे मिळकतीच्या दुपटीहून मोठा हप्ता. शिवाय साडेसात लाखांवरच्या कर्जाला बहुतेक बँका तारण मागतात, हे तुम्हाला मी काय सांगावं!

एफडीचं म्हणाल, तर एसटीच्या माणसाला ईपीएफची पेन्शन किती तुटपुंजी मिळते हे तुमच्या घरात रोज दिसत असेल. ते 14 लाख म्हणजे वडिलांचं म्हातारपण. मुदत संपल्यावर हलवायचेच असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवा. तिथे सध्या 8.2 टक्के व्याज आहे, दर तिमाहीला 28,700 रुपये खात्यात येतील.

मग करायचं काय? राज्याची एलएलबी सीईटी द्या आणि सांगलीतच किंवा कोल्हापूरला अनुदानित कॉलेज मिळवा. तिथली फी काही हजारांत असते; पुस्तकं-प्रवासासह वर्षाला 15 हजार धरू. जिल्हा कोर्टात पक्षकार तुमच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव वाचत नाही. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्मकडे जायचं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

पण लगेच नाही. दोन वर्षं आणखी नोकरी करून महिन्याला 15 हजार बाजूला टाका. शिल्लक 6 लाख 80 हजार होईल. कॉलेजची तीन वर्षं स्वतःचा खर्च महिना 8 हजार धरला तर फीसह 3 लाख 33 हजार जातील आणि साडेतीन लाखांच्या आतबाहेर उरतील, ज्युनिअरशिपसाठी. घरचे 15 हजार मात्र या काळात थांबणार. ते आई-वडिलांशी आजच बोला, प्रवेशाच्या दिवशी नको.

या वाटेत जेएमएफसी हातचं जातं, हेही लपवत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तिशीत प्रवेश, तेहेतिसाव्या वर्षी सनद, मग छत्तीस; आणि आजवर खुल्या गटातल्या वकिलांना वयाची मर्यादा 35 राहिली आहे. आरक्षणात बसत असाल तर सवलत तपासा. नाहीतर न्यायाधीशपद हिशेबातून काढून टाका, तो आधार धरून नोकरी सोडू नका.

सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू आहे, सांगलीसह सहा जिल्ह्यांचं काम तिथे चालतं. चांगलंच आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. पण पक्षकार हायकोर्टात जाताना नाव झालेला वकील शोधतो, नवी सनद शोधत नाही. तुमची जमेची बाजू दुसरीच आहे : तुम्हाला कर्जाची फाईल वाचता येते. मालमत्तेच्या कागदांचे सर्च रिपोर्ट, सरफेसीच्या (थकीत कर्जाचं तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याच्या) नोटिसा, चेक न वटल्याचे कलम 138 चे खटले, हे बँकांचं काम गावोगावी असतं, आणि टायटल, म्हणजे मालकी हक्क, कुठे अडकतं हे तुम्ही टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे. जमलं तर या दोन वर्षांत वसुलीच्या विभागात बदली मागा.

हजेरीचं मात्र जपा. नियमाने 70 टक्के लागते. 'नोकरी करत रहा, हजेरीचं बघून घेऊ' म्हणणारे भेटतील; त्यांच्या नादाला लागू नका.

एक शंका उरते. पत्रात टार्गेटचा कंटाळा दोन ओळी आधी येतो, वकिलीची ओढ नंतर. नुसता कंटाळाच असेल तर सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत नोकरी बदलणं फार स्वस्त पडेल. पुढच्या सुट्टीच्या दिवशी नव्हे, रजा टाकून कामाच्या दिवशी जिल्हा कोर्टात जा. तीन ज्युनिअर गाठा, चहा पाजा आणि गेल्या महिन्यात घरी किती नेले ते विचारा. मी सांगितलेल्या पाच-सात हजारांपेक्षा कमी निघाले, तर दोनाऐवजी तीन वर्षं साठवा.