वाचकांचे प्रश्न : दवाखाना चार तास लांब असताना

प्रश्न (भोर) : आमच्या गिर्यारोहण मंडळात वीस-बावीस जण नियमित मोहिमांना जातात. डॉक्टर एकही नाही. दोन दिवसांचं प्रथमोपचार शिबिर घ्यायचं ठरवलंय. त्यात काय शिकवावं, काय वगळावं?

उत्तर : शहरातला प्रथमोपचार रुग्णवाहिका थोड्या वेळात येईल असं धरून शिकवला जातो. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर ते गृहीतक चालत नाही. तिथून जखमीला खाली आणायला कित्येक तास लागतात, पावसाळ्यात रात्रही जाते. म्हणून जगभरच्या अशा वर्गांत एका तासाची रेघ आखतात. पक्का उपचार त्याहून लांब असेल तर वेगळे नियम लावायचे. सुरुवातीचा वर्ग साधारण १६ तासांचा असतो, मोहीम नेणाऱ्यांसाठीचा ७० ते ८० तासांचा. तुमच्याकडे १६ तासच आहेत, तेव्हा विषय मोजके घ्या आणि ते हातात बसवा.

पहिला अर्धा दिवस फक्त तपासणीच्या क्रमाला द्या. आधी जागा बघायची : वरून दगड येतोय का, कडा किती जवळ आहे, मोहोळ उठलंय का. मग जोरात वाहणारं रक्त, मग श्वासाची वाट, मग श्वास. त्यानंतर डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत कपड्यांच्या आत हात घालून चाचपायचं. पाठ बघायची राहून जाते, ही सर्वांत नेहमीची चूक. नाडी, श्वासाची गती आणि शुद्ध दर १५ मिनिटांनी वेळेसह लिहायची, जखमी गंभीर असेल तर दर ५ मिनिटांनी. एका आकड्यावरून फारसं कळत नाही. नाडी ८८, मग १०४, मग १२४ अशी चढत गेली आणि माणूस फिकट, घामेजलेला दिसू लागला, तर बाहेर थेंबही नसला तरी आत रक्त जातंय असं धरून निघायचं. ही वही पुढे डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

मग रक्तस्राव. जखमेवर थेट दाब द्यायचा, तोही घड्याळ लावून सलग १० मिनिटं. मध्येच कापड उचलून ‘थांबलं का’ बघितलं की धरत आलेली गुठळी निघते आणि मोजणी पहिल्यापासून. हातापायातलं रक्त दाबानेही थांबत नसेल तरच आवळपट्टी बांधायची : किमान ४ सेंटीमीटर रुंद, जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही. गाठीत काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायची. वेळ लिहायची, आणि मध्ये सैल करायची नाही. नाडा किंवा दोरी वापरू नका, ती मांसात रुतते आणि रक्त तरीही वाहत राहतं.

मोडलेल्या हाडाला आधार देताना वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधले गेले पाहिजेत. पोकळीत कपडे भरा. बोटं उघडी ठेवा. बांधण्याआधी आणि नंतर बोटांचा रंग, ऊब, स्पर्श आणि हालचाल तपासा. नख दाबून सोडलं की साधारण दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. तासाभरात सूज वाढते आणि नीट बांधलेली पट्टीसुद्धा काचू लागते, म्हणून ही तपासणी वाटेतही चालू ठेवायची.

आणखी दोन गोष्टी शिबिरांत हमखास राहतात. पहिली, जखमीच्या अंगाखाली काहीतरी घालणं. पावसाळी वाऱ्यात ओल्या कातळावर पडलेला माणूस गारठतो, आणि गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. वरून पांघरूण घालणं सगळ्यांना सुचतं, खाली चटई किंवा रिकाम्या सॅक सारायचं कुणाला सुचत नाही. दुसरी, उचलून नेणं. एका वेळी सहा जण धरतात आणि काही मिनिटांतच हात भरून येतात. किलोमीटरभर खडबडीत पायवाटेला पंधरा-अठरा माणसं लागतात. तुमची बारा जणांची तुकडी असेल तर गावकऱ्यांची मदत लागणारच. बांबू आणि घोंगडीची डोली त्यांना तुमच्यापेक्षा चांगली बांधता येते, तेव्हा शिबिरात शिकवायला त्यांनाच बोलवा. उतारावर पाय पुढे, डोकं चढाकडे, आणि डोक्याशी एक जण असा ठेवायचा की ज्याचं काम फक्त जखमीकडे बघणं.

टाके घालणं, सलाइन लावणं, निखळलेला सांधा बसवणं, औषधांच्या लांबलचक याद्या, हे सगळं वगळा. दोन दिवसांत येतो तो फक्त आत्मविश्वास, आणि तोच घात करतो.

सराव सभागृहाच्या फरशीवर घेऊ नका. उतारावर घ्या, संध्याकाळी घ्या, ‘जखमी’ला ओरडायला सांगा. छाती दाबण्याचं तंत्र (५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर ३० दाबांनंतर २ श्वास) काही महिन्यांतच हातातून जातं. म्हणून पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर एकेक दिवस उजळणी ठेवाच.

प्रश्न (सावंतवाडी) : आमच्या भागात फुरसं खूप. मोहिमेच्या पेटीत सर्पविषावरची लस ठेवावी का? आणि दंशाच्या वर पट्टी बांधावी की नाही? दोन शिबिरांत दोन उत्तरं मिळाली.

उत्तर : लस पेटीत नको. प्रौढ माणसाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या शिरेतून द्याव्या लागतात, आणि त्या लसीचीच तीव्र ॲलर्जी येऊन रक्तदाब कोसळू शकतो. तो सावरण्याची सोय असेल तिथेच ती द्यायची. शिवाय ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर आहे. आंबोलीच्या जंगलात दिसणाऱ्या चापड्याच्या विषावर ती नाही.

पट्टीही नको. फुरसं आणि घोणस यांचं विष मांस कुजवतं आणि रक्त गोठू देत नाही. आवळून बांधलं की विष तिथेच साचून अवयव जास्त बिघडतो. गोंधळ का होतो तेही सांगतो : वाहत्या रक्तासाठी शिकवलेली आवळपट्टी लोक सर्पदंशाला लावतात. हे दोन विषय एकाच सत्रात शिकवू नका.

करायचं ते असं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, जोडवी लगेच काढा, सुजल्यावर निघत नाहीत. मोडलेल्या हाडासारखा अवयव काठीला बांधा, पण सैलसर. माणसाला चालू देऊ नका, उचलून न्या. सुजेच्या कडेवर पेनाने रेघ मारून वेळ लिहा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन द्यायचं नाही. साप मारण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, आणि जिथे नेताय तिथे लस आणि कृत्रिम श्वासाचं यंत्र दोन्ही आहेत का हे निघतानाच विचारा.

मण्यारीबद्दल वेगळं शिकवा, कारण तिथे लक्षणं फसवतात. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसतेच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशाला ‘पित्त झालंय’ म्हणून झोपवून ठेवलं की माणूस जातो. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, हृदय मात्र चालू असतं. म्हणून श्वास थांबला तरी दर ५-६ सेकंदांनी तोंडाने एक श्वास देत राहिलं, आळीपाळीने, दवाखान्यापर्यंत, तर माणूस वाचू शकतो. डॉक्टर नसलेल्यांना शिकवण्याजोगी याहून मोलाची गोष्ट या विषयात नाही, आणि बहुतेक शिबिरांत तिला पाच मिनिटंही मिळत नाहीत.

प्रश्न (नाशिक) : आग्या मोहोळ उठलं तर? ॲलर्जीच्या गोळ्या पुरतात का?

उत्तर : आधी तिथून लांब पळा, डोकं-तोंड झाका, हात झाडू नका. लांब गेल्यावर काटे लगेच काढा. नखाने की चिमट्याने हा वाद निरर्थक आहे, उशीर केला की विष जास्त उतरतं. गोळ्या खाज आणि गांधी कमी करतात, सुजणारा घसा किंवा कोसळणारा रक्तदाब सावरत नाहीत. ते काम ॲड्रेनलीनचं : प्रौढाला १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या कुपीतलं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, शिरेत कधीच नाही. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. ज्याला आधी अशी ॲलर्जी आली आहे त्याने आपल्या डॉक्टरांकडून ते लिहून घ्यावं आणि सोबतच्या दोघांना त्यांच्यासमोर द्यायला शिकवावं. चक्कर येत असेल तर आडवं ठेवा. झटकन उभं केल्याने हृदय बंद पडू शकतं. शेकडो डंख असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या, मूत्रपिंडं नंतर बिघडतात.

प्रश्न (सातारा) : उन्हाळी मोहिमेत सगळे साखर-मीठ-पाणी पितात, तरी काहींना उलट्या होतात.

उत्तर : ओआरएसचं, म्हणजे साखर-मिठाच्या तयार भुकटीचं, मोठं पाकीट (सुमारे २० ग्रॅम) पूर्ण एक लिटर पाण्याचं असतं, छोटं (सुमारे ४ ग्रॅम) २०० मिलिलिटरचं. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की मीठ दुप्पट होतं आणि उलटी होते. आणि माणूस असंबद्ध बोलत असेल तर काहीच पाजू नका. तो उष्माघात आहे. आधी तिथेच पाण्याने भिजवून, वारा घालून थंड करा, उचलणं नंतर.

प्रश्न (नागपूर) : डॉक्टर नसलेल्यांच्या हाती उपचार देणं मुळातच धोक्याचं नाही का?

उत्तर : गडचिरोलीत याची कसोटी लागली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, वजन करायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या थोड्या शिकलेल्या स्त्रिया होत्या, पण त्यांचं काम आखीव होतं. कोणती लक्षणं दिसली की काय करायचं हे ठरलेलं होतं, नोंदी होत्या, आणि त्या नोंदी तपासणारे डॉक्टर मागे होते.

ट्रेकिंगच्या गटांत नेमका हाच शेवटचा दुवा नसतो. ओळखीच्या डॉक्टरांना वर्षातून दोनदा तुमच्या वह्या दाखवा, आणि पेटीच्या झाकणाच्या आत त्यांच्या सहीचा एक कागद चिकटवा : कोणती गोष्ट कुणी करायची, कोणती फोनवर विचारून, आणि कोणत्या गोष्टीला हातच लावायचा नाही. डोंगरात फोन लागत नाही, म्हणून मधला रकाना छोटा ठेवा.