दुखणे थांबले, तरी शस्त्रक्रिया कशासाठी?

प्रश्न : माझे यजमान ३८ वर्षांचे आहेत. पाच-सहा वर्षे जेवणानंतर अधूनमधून त्यांच्या पोटात कळा येत. पित्ताच्या गोळ्या झाल्या, एंडोस्कोपीही झाली, निदान होईना. गेल्या महिन्यात कळांबरोबर उलट्या सुरू झाल्या, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूचा पॅराड्युओडेनल हर्निया आढळला. आता त्यांना काहीच त्रास नाही, पोटावर फुगवटाही दिसत नाही. तरी सर्जन दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवतात. ती आवश्यक आहे का? जाळी बसवावी लागेल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : आवश्यक आहे, आणि ती आत्ताच, दुखणे थांबलेले असताना करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा हर्निया पोटाच्या भिंतीतून बाहेर येतच नाही, म्हणून फुगवटा दिसत नाही. गर्भावस्थेत आतडे फिरून आपल्या जागी स्थिरावते आणि त्याला धरून ठेवणारा पडदा पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटतो. हे चिकटणे अपुरे राहिले, तर ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, संपतो त्याच्या डावीकडे एक खिसा उरतो आणि पुढे कधीतरी लहान आतड्याची वेटोळी त्यात शिरतात. ती शिरली की कळ येते, आपोआप निसटली की थांबते. एंडोस्कोपीत जठराचे आतले अस्तर दिसते, आतडे कुठे जाऊन बसले आहे ते दिसत नाही. त्यामुळे निदानाला इतकी वर्षे लागली, यात आपली काही चूक नाही.

धोका आहे तो वेटोळी खिशात अडकण्याचा. रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत आतड्याचा तेवढा भाग काळा पडतो आणि कापून काढावा लागतो. शिवाय तेव्हा आतडी इतकी फुगलेली असतात, की दुर्बिणीला पोटात जागाच उरत नाही आणि बहुधा पोट उघडावे लागते.

नियोजित शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून दुर्बीण व चिमटे आत घालतात. एकेक वेटोळे हळुवारपणे ओढून खिशाबाहेर काढले जाते. खरी कसोटी त्यानंतरची असते, कारण खिशाच्या तोंडाच्या कडेतूनच मोठ्या आतड्याकडून रक्त आणणारी एक ठळक निळसर शीर जाते. तिला धक्का न लावता, उथळ टाके घेत, न विरघळणाऱ्या दोऱ्याने तोंड शिवले जाते. काही वेळा ते न शिवता उलट मोठे करतात, म्हणजे आत काही अडकून राहत नाही. पोटातला दाब पेलणारी भिंत इथे फाटलेली नसल्यामुळे जाळीची गरज सहसा पडत नाही. ही पद्धत अगदी कालची नव्हे. जपानमधील शल्यचिकित्सकांनी अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत १९९८ मध्येच प्रसिद्ध केला होता. मात्र हा हर्निया दुर्मीळ असल्याने, दुर्बिणीतून आतड्याच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जावे.

तारीख ठरेपर्यंत पुन्हा कळा येऊन उलट्या झाल्या, पोट फुगले किंवा वायू सरणे थांबले, तर दुखणे थांबवणारी गोळी देऊन वाट पाहू नका. सीटी स्कॅनचा अहवाल बरोबर घेऊन त्यांना थेट रुग्णालयात न्या.