पडलेल्या ग्राफिक्स चिप कंपनीच्या शेअरबद्दल कुणाचं मत ऐकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचा शेअर वर्षभरात अर्ध्याच्याही खाली आलाय. निम्मे गुंतवणूकदार म्हणतात बुडणार, विका. निम्मे म्हणतात असा भाव पुन्हा नाही, घ्या. मग ऐकायचं कुणाचं?

मी यवतमाळ जिल्ह्यातला. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, घरी पाच एकर कोरडवाहू-ओलित मिळून. म्हणून आधी कापसाचं सांगतो.

२०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा आमचा कधीच विकून झाला होता. पुढच्या हंगामात त्यामुळे गावात कुणी माल काढेना. साडेआठचा भाव होता तेव्हा मी बाबांना म्हटलं, देऊन टाकू. ते म्हणाले, "काहून? मागच्या साली इकला अन् पस्तावलो नं. थांब जरा, दहा होते." समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस. उन्हाळ्यात सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, आई अंगणात बाज टाकून झोपायला लागली, कापूस वाळून वजनात घटला, वरचा थर पिवळा पडला. शेवटी सात हजारांच्या आसपास गेला. त्या सहा महिन्यांत पारावर एक गोष्ट दिसली: ज्याच्या घरी कापूस, तो म्हणे भाव चढणार. ज्यानं दिवाळीतच विकला, तो म्हणे अजून पडणार. बाजाराची खबर दोघांनाही नव्हती.

शेअरवरची मतंही अशीच वाचायची. लिहिणाऱ्याकडे माल आहे का आणि कोणत्या भावाचा, हे कळलं की निम्मं मत आपोआप कळतं. चाळीस डॉलरला घेऊन बारावर अडकलेल्या माणसाला कंपनीचा प्रत्येक नवा व्हिडिओ आशेचा किरण वाटतो.

आता दोन खरी उदाहरणं, कारण तळाला दोन्ही कंपन्या सारख्याच दिसत होत्या.

पहिली थ्रीडीएफएक्स. १९९६ मध्ये तिची व्हूडू चिप आली आणि काही वर्षं संगणकावरचे त्रिमितीय खेळ म्हणजे व्हूडू असंच समीकरण होतं. चिप ती बनवून घ्यायची, ती बसवलेलं संगणकात लावायचं कार्ड दुसऱ्या कंपन्या तयार करून विकायच्या. १९९८ च्या डिसेंबरात तिनं एसटीबी नावाची कार्ड बनवणारी कंपनी घ्यायचं जाहीर केलं, म्हणजे आता कार्डही आपणच विकणार. बियाणं कंपनीनं गावोगाव स्वतःचंच कृषी केंद्र टाकल्यावर बाकीचे दुकानदार तिची थैली कशाला ठेवतील? कार्डवाले एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी चिप कंपनीकडे गेले. त्यात पुढची चिप लांबत गेली. व्हूडू ५ बाजारात आली २००० च्या मध्यात, तोवर एनव्हिडियाची जीफोर्स २ येऊन बसली होती. त्याच डिसेंबरात कंपनीनं आपली बहुतेक तांत्रिक मालमत्ता एनव्हिडियाला विकायचं ठरवलं आणि २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. 'एवढं मोठं नाव, बुडेल कसं' म्हणणारे तोवर शेअर धरूनच होते.

दुसरी एएमडी. २००६ मध्ये तिनं ग्राफिक्सवाली एटीआय ५.४ अब्ज डॉलरला घेतली आणि कर्जात रुतली. २०१५ मध्ये तोटा ६६ कोटी डॉलरचा, शेअर दोन डॉलरच्याही खाली. तेव्हा 'बुडणार' म्हणणाऱ्यांचं गणित चुकीचं नव्हतं. पण प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांत, दोन्हींत तिचीच चिप होती, त्यामुळे पैसा थोडा का होईना येत होता. आणि २०१७ च्या मार्चमध्ये रायझन हा तिचा नवा प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, आला, चाललाही. गंमत अशी की तिला वर काढलं ते प्रोसेसरनं. ग्राफिक्समध्ये ती तेव्हाही मागेच होती. ग्राफिक्सवर पैज लावणाऱ्यांना नफा झाला खरा, पण भलत्याच कारणानं.

तेव्हा मतं वाचा, पण पारावरची वाचतो तशी, आणि उत्तर कंपनीच्या तिमाही निकालात शोधा. हातात रोख किती, दर तिमाहीला जातात किती, मोठं कर्ज फेडायचं वर्ष कोणतं. म्हणजे पुढची चिप येईपर्यंत कंपनी तगते की नाही ते कळतं. मग त्या चिपची तारीख. ती एकदा सरकली तर समजू शकतो, दुसऱ्यांदा सरकली की मी पुढचं वाचतच नाही. आणि गोदामातला माल जरूर पाहा. चिप कापसासारखीच, पडून राहिली की उतरते. २०२२ मध्ये मागणी आटली तेव्हा एनव्हिडियासारख्या धडधाकट कंपनीलाही साठ्यापोटी एका तिमाहीत सव्वा अब्ज डॉलरहून जास्त खर्ची टाकावे लागले. तिला झेपलं. आधीच खोकत असलेल्या कंपनीला झेपेल का, एवढाच प्रश्न.

हे निकाल तिकडचा बाजार बंद झाल्यावर लागतात, हिवाळ्यात आपल्याकडे रात्री अडीचच्या सुमारास. हरभऱ्याच्या ओलिताला लाईनही नेमकी रात्रीचीच असते, त्यामुळे मला जागायचे वेगळे कष्ट नाहीत. स्टार्टरच्या पेटीजवळ बसून वाचतो.

घेतलेच तर एक काम विसरू नका. परदेशी शेअर एकच असला तरी तो आयटीआरमध्ये, म्हणजे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात, परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो, आणि साधा आयटीआर-१ मग चालत नाही. आमच्याकडे फॉर्म भरून देणाऱ्या पोरांना हे बरेचदा माहीत नसतं, तुम्हीच सांगा.

आणि हो, माझ्याकडेही अशाच एका पडलेल्या कंपनीचे अकरा शेअर आहेत, चढ्या भावाचे. म्हणजे वरचं सगळं कापूस घरात असलेल्या माणसानं लिहिलंय असं धरून चाला. तुम्ही कंपनीचं नाव दिलेलं नाही. दिलंत तर तिचं कर्ज कधी फेडायचंय ते पाहून खाली लिहितो. आज लाईन बाराला येणार आहे, त्यानंतर.