स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, मार्जिन क्लिअर आले, तरी आईला रेडिएशन घ्यावंच लागेल का? घरात तान्हं बाळ आहे, त्याला लांब ठेवावं का?

बहुतेकींना घ्यावंच लागतं, एक अपवाद शेवटी सांगते. स्तन ठेवून फक्त गाठ काढली असेल तर रेडिएशन म्हणजे त्याच ऑपरेशनचं उरलेलं अर्धं काम. मार्जिन क्लिअर म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर दिसला नाही, एवढंच. उरलेल्या स्तनात डोळ्याला न दिसणारं काही राहिलंय का, ते तो रिपोर्ट सांगूच शकत नाही. अशा दहा हजारांहून जास्त बायकांचे आकडे एकत्र करून २०११ मध्ये पाहिले, तेव्हा दहा वर्षांत रेडिएशन न घेतलेल्या शंभरातल्या ३५ जणींचा आजार उलटला होता, घेतलेल्यांपैकी १९ जणींचा. पुढे मृत्यूही कमी झालेले दिसले. एवढं पुरे.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. 'लाईट (म्हणजे रेडिएशन) सुरू झाले की बाळाला महिनाभर दुसरीकडे ठेवा असं घरचे म्हणतात,' असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून हे होऊ देऊ नका.

माझा कॅन्सर डाव्या बाजूला होता. लाईट सुरू झाले त्याच आठवड्यात नणंदेने तिच्या मुलाला माझ्या खोलीत यायची बंदी केली. माझं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण माझे कपडे बाजूला काढून ठेवलेले मला दिसत होते. भाचा दाराशी येऊन 'मामी' अशी हाक मारायचा आणि मागून कोणीतरी त्याचा हात धरून ओढून न्यायचं. केमोत केस गेले तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

नणंदेचा मुद्दा एकच होता, 'काही धोका नसतो तर ते मशीनवाले स्वतः बाहेर का पळतात?' मी म्हटलं, एकदा माझ्याबरोबर ये आणि बघ. आली नाही. म्हणून तुम्हाला सांगते. टेबलावर दोन्ही हात डोक्यामागे घेऊन निजायचं. प्लॅनिंगच्या दिवशी छातीवर बारीक ठिपके गोंदलेले असतात. त्यांच्यावर लेझरच्या रेघा जुळेपर्यंत टेक्निशियन आपलं अंग जरासं इकडे, जरासं तिकडे सरकवत राहते. 'तुम्ही हलू नका, आम्हीच हलवतो.' मग ती बाहेर जाते, जाड दार लागतं आणि स्पीकरवर आवाज येतो, 'श्वास घ्या. धरून ठेवा.' छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरतं, म्हणून डाव्या बाजूच्या पेशंटला हे करायला लावतात. मशीन घरघरतं, थांबतं. 'सोडा श्वास.' मशीन थांबलं की किरणं संपली, खोलीतलीही आणि माझ्या अंगातलीही. दिवा मालवल्यावर उजेड भिंतीत साठून राहत नाही, तसंच हे. दार उघडलं की तीच मुलगी अंगावर काहीही खास न चढवता आत यायची आणि खांद्याला धरून मला उठवायची. ती बाहेर जाते कारण तिला एकामागून एक पेशंट घ्यायचे असतात, रोज, वर्षानुवर्षं. मशीन चालू असताना विखुरणारी किरणं थोडी थोडी करून तिच्या वाट्याला बरीच येतील. माझ्या भाच्याचा त्या खोलीशी संबंधच नव्हता.

हे सगळं नणंदेला समजावलं. 'ते लोक असंच सांगणार,' म्हणाली. आजही विषय निघाला की 'मी काळजीपोटीच केलं' हेच उत्तर. काळजी होती तर डॉक्टरांना विचारायला यायचं होतं, वेटिंगमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच असायची. भीती वाटणं मी समजू शकते. भीती वाटते म्हणून आजारी माणसाला वाळीत टाकणं मला मान्य नाही.

तुमच्याकडे जे कोणी असं म्हणतंय, त्यांनाच पुढच्या वेळी आईसोबत पाठवा आणि रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टला त्यांच्या तोंडून विचारायला लावा. तुम्ही निरोप आणलात तर कोणी मानणार नाही.

आता राहिलेल्या गोष्टी. मी बोलतेय ते बाहेरून मशीनने देतात त्या रेडिएशनबद्दल. पेट स्कॅनचं वेगळं असतं. त्यात किरणं सोडणारं औषध शरीरात टोचतात, म्हणून त्या दिवशी काही तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून खरंच लांब राहायचं. लोक बहुतेक या दोन्हींची गल्लत करतात. दुसरं, आईचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. ६५ च्या पुढे, गाठ लहान, काखेत पसरलेलं नाही, कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा) आणि त्यावरच्या हार्मोनच्या गोळ्या नियमित घेणार असतील, तर रेडिएशन टाळण्याचा विचार होऊ शकतो. अशा बायकांच्या चाचणीत दहा वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय साडेनऊ टक्के होतं आणि रेडिएशन घेतल्यावर एक टक्क्याच्या आत, पण जगण्यात फरक पडला नाही. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, घरच्या बैठकीत नको. किती दिवस जावं लागेल हेही विचारा. पूर्वी पाच आठवडे लागायचे, आता बहुतेकींना तीन आठवड्यांत १५ वेळा देतात, आणि २०२० नंतर काही जणींना एका आठवड्यात ५ वेळाही.

थकवा येईल. कातडी लाल होईल, काळवंडेल, स्तनाखालच्या घडीत आणि काखेत सोलवटेल. शेवटचा लाईट झाल्यावर आठवडाभर ती आणखी बिघडते, तेव्हा घाबरू नका, पण पाणी सुटलं तर दाखवून या. बाळाचं डोकं तिथे घासलं की आग होते, म्हणून आईच्या कडेवर बाळ द्याल ते दुसऱ्या बाजूला द्या.